अमेरिकेत बारावीनंतर पदवीपर्यंत कोण पोचतं, आणि बाकीचे कुठे गळतात

अमेरिकेत पंचवीस वर्षांवरच्या दर १०० माणसांत साधारण ३८ जणांकडे चार वर्षांची पदवी आहे. २०२२ च्या सरकारी पाहणीतला नेमका आकडा ३७.७ टक्के. १९४० च्या जनगणनेत शिक्षण किती झालं हा प्रश्न पहिल्यांदा विचारला गेला, तेव्हा कॉलेजची चार वर्षं पुरी केलेले ५ टक्केसुद्धा नव्हते. ऐंशी वर्षांत देश खूप शिकला. पण या ३७.७ ची फोड केली की चित्र बदलतं. त्याच २०२२ मध्ये आशियाई वंशाच्या लोकांत हे प्रमाण ५९.३ टक्के होतं, हिस्पॅनिक (म्हणजे मूळ स्पॅनिशभाषक देशांतले) नसलेल्या गोऱ्यांत ४१.८, कृष्णवर्णीयांत २७.६ आणि हिस्पॅनिकांत २०.९. नकाशावर पाहिलं तर मॅसॅच्युसेट्समध्ये ४५ टक्क्यांच्या वर, आणि वेस्ट व्हर्जिनियात २५ च्या आसपास.

ही तफावत कमी होते आहे का? उत्तर मोजण्याच्या पद्धतीवर अवलंबून आहे. २०१२ मध्ये गोऱ्यांत ३४.५ टक्के पदवीधर होते, कृष्णवर्णीयांत २१.२. वजाबाकी १३.३. दहा वर्षांनी ४१.८ वजा २७.६, म्हणजे १४.२. अंतर वाढलं. आता भागाकार करा. २०१२ मध्ये गोऱ्यांच्या प्रमाणाच्या ६१ टक्के इतकं कृष्णवर्णीयांचं प्रमाण होतं, २०२२ मध्ये ते ६६ टक्के झालं. अंतर कमी झालं. दोन्ही हिशेब बरोबर आहेत. म्हणून कुणी ‘दरी मिटते आहे’ किंवा ‘दरी रुंदावते आहे’ असं छातीठोकपणे सांगितलं, तर त्याने वजाबाकी केली की भागाकार, हे आधी पाहावं.

आकड्यात कोण कोण बसलं आहे

जनगणना विभाग माणसाला त्याची सर्वांत वरची पदवी विचारतो. ती कुठल्या देशात मिळवली याने मोजणीत फरक पडत नाही. पुण्यात बीई करून बॉस्टनला नोकरीला गेलेला इंजिनीअर मॅसॅच्युसेट्सच्या टक्केवारीत भर घालतो, पण त्याला शिकवलं महाराष्ट्राने. उलट मेक्सिकोच्या एखाद्या खेड्यात सहावीपर्यंत शिकून, तिशीत कॅलिफोर्नियाच्या शेतावर कामाला आलेला मजूर हिस्पॅनिकांची टक्केवारी खाली आणतो. अमेरिकी शाळेने त्याला नापास केलेलं नाही, तो त्या शाळेत कधी गेलाच नव्हता. हिस्पॅनिकांच्या २०.९ मध्ये असे लोक मोठ्या संख्येने आहेत, आणि अमेरिकेत जन्मलेल्या हिस्पॅनिकांचं प्रमाण वेगळं काढलं की ते वर जातं.

शिवाय ‘हिस्पॅनिक’ हा तिथल्या सरकारी वर्गीकरणात वंश नव्हताच. तो वेगळा प्रश्न होता. माणूस गोरा आणि हिस्पॅनिक किंवा कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक असं दोन्ही लिहू शकत असे. मार्च २०२४ मध्ये नियम बदलून दोन्ही प्रश्न एकत्र करायचं ठरलं. पुढच्या काही वर्षांत जुने आणि नवे आकडे शेजारी ठेवताना हा बदल ध्यानात ठेवावा लागेल.

‘आशियाई ५९.३’ हा आकडा तर आपल्या लोकांनी विशेष सावधपणे वाचला पाहिजे. २०१९ च्या माहितीनुसार तिथल्या भारतीयांपैकी ७५ टक्के पदवीधर होते, लाओसच्या लोकांपैकी १८ टक्के आणि भूतानहून आलेल्यांपैकी १५ टक्के. हे सगळे एकाच ‘आशियाई’ खान्यात. फरकाचं कारण दारातच आहे. भारतीय माणूस प्रामुख्याने विद्यार्थी म्हणून किंवा एच-१बी व्हिसावर जातो, आणि त्या व्हिसासाठी पदवी किंवा तिच्या तोडीची पात्रता ही अटच आहे. लाओसचे लोक १९७५ नंतर युद्धातून निर्वासित म्हणून आले, आणि भूतानी लोक नेपाळमधल्या छावण्यांमधून. पदवीधरांनाच आत घेणाऱ्या दारातून आलेल्या समाजात पदवीधर जास्त निघणारच. एडिसन किंवा सनीवेलमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांना ‘आपल्याकडे शिक्षणाची संस्कृतीच आहे’ असं म्हणायचा मोह होतो. संस्कृतीचा वाटा असेलही, पण त्याआधी व्हिसाने चाळणी लावलेली असते. तीच फूटपट्टी दुसऱ्या समाजाला लावणं अन्यायाचं आहे.

आणखी एक बारकावा. कॉलेजं आपल्या विद्यार्थ्यांची वंशवार आकडेवारी सरकारला देतात तेव्हा विद्यार्थी व्हिसावरच्या परदेशी मुलांना वेगळ्या खान्यात टाकतात, त्यांना आशियाई धरत नाहीत. जनगणना विभागाच्या घरोघर पाहणीत मात्र तीच मुलं आशियाई म्हणून मोजली जातात. म्हणून एमएस करायला गेलेली सव्वीस वर्षांची मराठी मुलगी एका तक्त्यात आशियाई असते आणि दुसऱ्यात नसते. दोन तक्ते एकत्र करून निष्कर्ष काढणारे बरेच लेख इथेच चुकतात.

राज्याचा टक्का म्हणजे तिथल्या कॉलेजांचा निकाल नव्हे

मॅसॅच्युसेट्स आणि वेस्ट व्हर्जिनियाच्या आकड्यांत वीस टक्क्यांचं अंतर आहे याचा अर्थ एका राज्याची कॉलेजं चांगली आणि दुसऱ्याची वाईट, असा होत नाही. पदवी माणसाबरोबर गाव सोडते. मॉर्गनटाउनच्या विद्यापीठात पदवी घेतलेल्या मुलीला तिच्या विषयातली नोकरी पिट्सबर्ग किंवा वॉशिंग्टनला मिळाली, तर तिच्या शिक्षणावर वेस्ट व्हर्जिनियाने खर्च केलेला असतो आणि टक्का दुसऱ्या राज्याचा वाढतो. कोळशाच्या खाणींवर उभ्या राहिलेल्या भागात पदवीधराला काम कमी, म्हणून पदवीधर थांबत नाहीत. ते थांबत नाहीत म्हणून पदवीधर लागणारे उद्योग येत नाहीत. विदर्भ-मराठवाड्यातून पुण्याकडे जाणाऱ्या मुलांचं गणित ज्यांनी पाहिलं आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको.

अंतराचाही वाटा आहे. अमेरिकेच्या ग्रामीण भागात पंचवीस वर्षांवरच्यांपैकी साधारण पाचव्या हिश्श्याकडे पदवी आहे, शहरी भागात तिसऱ्या हिश्श्याहून जास्त लोकांकडे. बहुतेक विद्यार्थी घराजवळच्याच कॉलेजात जातात, कारण घरी राहिलं की भाडं वाचतं आणि अर्धवेळ काम करता येतं. जवळ कॉलेज नसेल तर निवडीचा प्रश्नच उरत नाही. कॅलिफोर्नियाच्या सॅन होआकिन खोऱ्यात शेतमजुरांची आणि हिस्पॅनिकांची मोठी वस्ती आहे. राज्याच्या सर्वांत नावाजलेल्या विद्यापीठ-समूहाचं एकही संकुल तिथे २००५ पर्यंत नव्हतं. त्या वर्षी मर्सेडला पहिलं सुरू झालं. ॲरिझोनातल्या नवाहो मूलनिवासींनी १९६८ साली स्वतःचं कॉलेज काढलं, आजचं डिने कॉलेज. एखाद्या मूलनिवासी जमातीने स्वतः चालवलेलं ते अमेरिकेतलं पहिलं कॉलेज.

प्रदेश आणि वंश या दोन वेगळ्या गोष्टी वाटल्या तरी दक्षिणेकडच्या राज्यांत त्या एकमेकींत गुंतलेल्या आहेत. १८६२ च्या कायद्याने राज्यांना जमिनी देऊन विद्यापीठं काढायला लावली. दक्षिणेत त्यांचे दरवाजे कृष्णवर्णीयांना बंद होते. मग १८९० च्या दुसऱ्या कायद्याने राज्यांना दोन पर्याय दिले: एकतर प्रवेश खुले करा, नाहीतर कृष्णवर्णीयांसाठी वेगळी संस्था काढा. दक्षिणेने दुसरा मार्ग निवडला. पण वेगळ्या संस्थेला पैसे मात्र बरोबरीने दिले नाहीत. हा इतिहास म्हणून सोडून देता येत नाही. २०२३ मध्ये केंद्र सरकारच्या शिक्षण आणि कृषी मंत्र्यांनी १६ राज्यांच्या गव्हर्नरांना पत्रं लिहिली. मागच्या तीस वर्षांत या कृष्णवर्णीय विद्यापीठांना शेजारच्या जुन्या विद्यापीठांच्या तुलनेत एकूण १२ अब्ज डॉलरहून जास्त रक्कम कमी मिळाली, असा त्यांत हिशेब होता. एकट्या टेनेसी स्टेट विद्यापीठाचा तुटवडा २.१ अब्ज. प्रयोगशाळा, वसतिगृह, प्राध्यापक, सगळं यातूनच उभं राहतं.

गळती कुठल्या पायरीवर

पहिली पायरी शाळेतली. अमेरिकेत शाळांच्या खर्चाचा मोठा भाग त्या त्या भागातल्या घरपट्टीतून येतो. महागड्या घरांच्या वस्तीतली शाळा श्रीमंत, स्वस्त घरांच्या वस्तीतली गरीब. राज्य सरकारं बरीच भरपाई करतात, पण ती सगळीकडे पुरी पडत नाही. परिणाम विषयांच्या यादीत दिसतो. २०१५-१६ च्या सरकारी नोंदींनुसार देशातल्या निम्म्या हायस्कुलांत कॅल्क्युलस शिकवलं जात होतं. जिथे कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक मुलं जास्त होती अशा शाळांत ते ३८ टक्के. इंजिनीअरिंगला जाऊ पाहणारी मुलगी हुशार असली तरी तिच्या शाळेत तो वर्गच भरत नसेल तर ती कॉलेजात एक वर्ष मागून सुरुवात करते.

दुसरी पायरी कागदपत्रांची. सरकारी आर्थिक मदतीसाठी फाफ्सा नावाचा अर्ज भरावा लागतो. तो एरवी १ ऑक्टोबरला खुला होतो. आईवडिलांच्या कराची माहिती त्यात जोडावी लागते, मग सरकार कुटुंबाची ऐपत ठरवतं, आणि काही अर्ज पडताळणीसाठी बाजूला काढले जातात. पडताळणीत अडकलेल्यांना पुन्हा कागद द्यावे लागतात, आणि यात सर्वांत जास्त अडकतात ती कमी उत्पन्नाची कुटुंबं. २०२४-२५ साठीचा नवा अर्ज डिसेंबर २०२३ च्या शेवटी, म्हणजे तीन महिने उशिरा आला. ज्यांच्या आईवडिलांकडे सोशल सिक्युरिटी नंबर (सरकारी ओळखक्रमांक) नव्हता अशा मुलांना तर तो पुढे आठवडेच्या आठवडे पूर्ण भरताच येत नव्हता. स्थलांतरितांची मुलं इथे आपसूक मागे पडली.

प्रवेश मिळाला म्हणजे मूल कॉलेजात पोचलंच असं नाही. मे ते ऑगस्ट या काळात जागेची अनामत भरणं, लसीकरणाचा दाखला, गणिताची चाचणी, वसतिगृहाचे पैसे, अशा बारीकसारीक मुदती येतात. आरोग्यविम्याचं एक उदाहरण घ्या. बरीच विद्यापीठं विद्यार्थ्याच्या बिलात आपला विमा आपोआप टाकतात. घरचा विमा असेल तर तो नको असं मुदतीत कळवावं लागतं. ज्या घरात आधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही तिथे हे कुणाला माहीत नसतं, आणि बिल दोन-तीन हजार डॉलरनी फुगून येतं. शाळेचा समुपदेशक सुट्टीवर आणि कॉलेजचा अजून नेमलेला नाही, अशा त्या तीन महिन्यांत कॉलेजला जायचं ठरवलेल्या दर शंभरांतली दहा ते वीस मुलं गळतात असं अभ्यासांत आढळलं आहे.

तिसरी पायरी सर्वांत मोठी, आणि तिच्याकडे लक्ष सर्वांत कमी: आत गेलेल्याने पदवी घेऊन बाहेर पडणं. २०१० मध्ये चार वर्षांच्या कॉलेजांत पूर्णवेळ दाखल झालेल्यांपैकी सहा वर्षांत पदवी मिळवणारे ६० टक्के होते. आशियाई ७४, गोरे ६४, हिस्पॅनिक ५४, कृष्णवर्णीय ४०, मूलनिवासी ३९. हे सगळे प्रवेश मिळालेले विद्यार्थी आहेत. कॉलेज केलं पण हाती काहीच लागलं नाही अशी माणसं आज देशात ४ कोटींहून जास्त आहेत. कर्ज त्यांच्याही डोक्यावर आहे, फक्त ते फेडायला पदवीचा पगार नाही.

का अडकतात, याचं गणित क्रेडिटपासून, म्हणजे विषय पास झाल्यावर पदवीच्या हिशेबात जमा होणाऱ्या एककांपासून, सुरू होतं. चार वर्षांच्या पदवीला साधारण १२० क्रेडिट लागतात. आठ सत्रांत ते संपवायचे तर दर सत्राला १५ हवेत. पण सरकारी मदतीच्या नियमात १२ क्रेडिट घेतले तरी विद्यार्थी ‘पूर्णवेळ’ ठरतो. मुलगा प्रामाणिकपणे पूर्णवेळ शिकतो, एकाही विषयात नापास होत नाही, तरी त्याला दहा सत्रं लागतात. पाचव्या वर्षाची फी आणि भाडं कुठून आणायचं? गरिबांसाठीचं पेल अनुदान आयुष्यात बाराच सत्रं मिळतं. एक-दोन सत्रं वाया गेली की तेही आटतं.

कच्च्या विषयांच्या वर्गांनी बराच काळ असंच नुकसान केलं. चाचणीत कमी गुण पडले की क्रेडिट न देणारे तयारीचे वर्ग करावे लागत, कधी एकामागून एक तीन. प्रत्येक टप्प्यावर ७० टक्के मुलं पुढे सरकली असं धरा. पहिल्यानंतर ७०, दुसऱ्यानंतर ४९, तिसऱ्यानंतर ३४. खऱ्या गणिताच्या वर्गात बसायच्या आतच दोन तृतीयांश मुलं गेली. टेनेसीने २०१५ मध्ये हे उलटं केलं. मुलांना थेट मूळ वर्गात बसवून सोबत जादा तास दिले. वर्षभरात गणित पास होणाऱ्यांचं प्रमाण साधारण १२ टक्क्यांवरून ५० च्या आसपास गेलं.

कम्युनिटी कॉलेजातून विद्यापीठात जाताना आणखी एक खड्डा असतो. दोन वर्षं स्वस्तात करायची, मग उरलेली दोन मोठ्या विद्यापीठात, हा मार्ग कागदावर उत्तम आहे. कम्युनिटी कॉलेजात येणाऱ्या दहातल्या आठ जणांना पुढे चार वर्षांची पदवी हवी असते. सहा वर्षांत ती मिळते सहातल्या एकाला. केंद्र सरकारच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०१७ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार कॉलेज बदलताना विद्यार्थी सरासरी ४३ टक्के क्रेडिट गमावतात, कारण नवं विद्यापीठ जुने विषय मान्य करत नाही. हिस्पॅनिक आणि मूलनिवासी विद्यार्थी याच मार्गाने जास्त जातात, म्हणून हा खड्डा त्यांच्याच वाट्याला जास्त येतो.

पैसा: फीपेक्षा इतर खर्च मोठा

२०२३-२४ मध्ये आपल्याच राज्यातल्या सरकारी विद्यापीठाची सरासरी छापील फी ११,२६० डॉलर होती, कम्युनिटी कॉलेजची ३,९९०. पेल अनुदान जास्तीत जास्त ७,३९५. वाटतं, फार अंतर नाही. पण राहणं, जेवण, पुस्तकं, प्रवास धरून सरकारी विद्यापीठाचा वर्षाचा खर्च २८,८४० डॉलर. त्यातून ७,३९५ वजा करा, २१,४४५ उरतात. राज्याची आणि कॉलेजची मदत मिळून काही भाग भरतो, बाकीचा घरातून किंवा कर्जातून.

आणि घरात काय आहे? २०२२ च्या केंद्रीय बँकेच्या पाहणीत गोऱ्या कुटुंबाची मध्यक संपत्ती (निम्म्या कुटुंबांकडे याहून जास्त, निम्म्यांकडे कमी) २,८५,००० डॉलर होती, कृष्णवर्णीय कुटुंबाची ४४,९००. गाडी बिघडली, बापाची नोकरी गेली, की एका घरात बचतीतून भागतं आणि दुसऱ्या घरात मुलगी रात्रपाळी धरते. पदवी मिळाली तरी फरक संपत नाही. २०१६ च्या एका अभ्यासात कृष्णवर्णीय पदवीधरावर पदवीच्या दिवशी गोऱ्यापेक्षा सरासरी ७,४०० डॉलर जास्त कर्ज होतं. चार वर्षांनी तोच फरक २५,००० च्या घरात गेला, कारण व्याज चढत राहिलं आणि पुढच्या शिक्षणासाठी पुन्हा कर्ज काढावं लागलं.

२९ जून २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशात वंश विचारात घेण्यावर बंदी आणली, तेव्हा जगभर चर्चा झाली. तो निर्णय महत्त्वाचा आहे. पण त्याचा थेट परिणाम होतो तो निवडक, चाळून प्रवेश देणाऱ्या विद्यापीठांवर. अमेरिकेतले बहुसंख्य विद्यार्थी अशा कॉलेजांत शिकतात जिथे अर्ज करणाऱ्या बहुतेकांना प्रवेश मिळतोच. पदवी पुरी करणाऱ्या गोऱ्यांचे ६४ टक्के आणि कृष्णवर्णीयांचे ४० यांच्यातलं अंतर तिथे तयार होतं, आणि त्याबद्दल वर्तमानपत्रांत फार कमी येतं.

ते अंतर कमी करता येतं याचे पुरावे आहेत. न्यूयॉर्क शहराच्या सरकारी विद्यापीठाने २००७ मध्ये कम्युनिटी कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठी एएसएपी नावाची योजना सुरू केली. मुख्य अट: पूर्णवेळ शिकायचं. बदल्यात फीतली उरलेली रक्कम माफ, पुस्तकांचे पैसे, सोयीच्या वेळी वर्ग, मोजक्याच विद्यार्थ्यांना सांभाळणारा सल्लागार, आणि मेट्रोचा मोफत पास. हा पास सल्लागाराला भेटल्यावरच मिळतो, म्हणून मुलं भेटत राहतात. चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडले आणि तपासलं. तीन वर्षांत पदविका मिळवणारे योजनेतल्या गटात ४० टक्के, बाहेरच्या गटात २२. दर विद्यार्थ्यामागे खर्च वाढला, पण दर यशस्वी विद्यार्थ्यामागे तो कमी आला. अटलांटातल्या जॉर्जिया स्टेट विद्यापीठाने वेगळ्या टोकाने सुरुवात केली. काहीशे डॉलरच्या थकबाकीपायी शेवटच्या वर्षाच्या मुलांची नावं कमी होत होती. त्यांना अर्ज न मागवता छोटी अनुदानं दिली, आणि चुकीचा विषय निवडला किंवा पायाभूत विषयात कमी गुण पडले की लगेच सल्लागाराला इशारा जाईल अशी व्यवस्था लावली.

तिथे राहणाऱ्या ज्या कुटुंबातलं मूल आता कॉलेज निवडतं आहे, त्यांनी फी आणि नावाबरोबर तीन गोष्टी तपासाव्यात. सरकारच्या कॉलेज नॅव्हिगेटर संकेतस्थळावर प्रत्येक कॉलेजचं सहा वर्षांचं पदवी-प्रमाण वंशवार दिलेलं असतं, तसंच पेल अनुदान घेणाऱ्यांचं वेगळं. एकूण आकडा ७० आणि पेलवाल्यांचा ४५ असेल तर गरीब मुलांना तिथे कुणी सांभाळत नाही असं समजावं. दुसरं, दर सत्राला १५ क्रेडिट घेता येतील इतके वर्ग तिथे खरोखर उपलब्ध असतात का, हे तिथे शिकणाऱ्या मुलांनाच विचारावं. तिसरं, कम्युनिटी कॉलेजातून पुढे जायचं असेल तर कुठला विषय कुठल्या विद्यापीठात मान्य आहे हे पहिल्या सत्राच्या आधी लेखी घ्यावं. कॅलिफोर्नियात त्यासाठी असिस्ट नावाचं संकेतस्थळ आहे: आपलं कॉलेज, पुढचं विद्यापीठ आणि मुख्य विषय निवडला की जुळणाऱ्या वर्गांची यादी समोर येते. ती त्याच दिवशी छापून ठेवावी, कारण कॉलेज आणि विद्यापीठांमधले हे करार वर्षागणिक बदलतात.